दवाखान्यातून घरी आल्यानंतर नर्स आणि फिजिओ: त्यांच्याकडून काय अपेक्षा ठेवायची, काय विचारायचं?

ओसरी

वडिलांच्या खुब्याचं हाड मोडलं होतं. अर्धा सांधा बदलण्याची शस्त्रक्रिया झाली आहे आणि आता लवकरच डिस्चार्ज मिळेल. वय ७५ च्या पुढे, मधुमेह जुना, इन्सुलिन चालू. घरी येताना लघवीची नळी असणार आहे, टाके काढायचे बाकी आहेत, रक्तात गुठळी होऊ नये म्हणून पोटावर घ्यायची इंजेक्शनं सुरू राहणार आहेत. डाव्या टाचेवर एक लालसर डागही दिसतोय.

डॉक्टर म्हणाले, "घरी नर्स आणि फिजिओ लावून घ्या." त्यापुढे कुणी काही सांगितलं नाही. नर्स म्हणजे दिवसभर थांबणारी, की येऊन काम करून जाणारी? तिने काय करायचं आणि आम्ही काय शिकायचं? आई आधीच थकली आहे. वडील फार संकोची, परक्या माणसाकडून अंग पुसून घेणं त्यांना जड जाणार. ज्यांनी घरी असं काही निभावलंय त्यांनी सविस्तर लिहा, प्लीज.

---

शब्दवेल

ताई, आधी एक फरक लक्षात घ्या, कारण इथेच बहुतेकांचा गोंधळ होतो. मदतनीस वेगळी आणि प्रशिक्षित नर्स वेगळी. अंघोळ, कपडे, कमोडपर्यंत नेणं, कूस बदलणं, जेवू घालणं, सोबत बसणं ही मदतनीसाची कामं, आणि ती मुळीच कमी दर्जाची नाहीत. इंजेक्शन, ड्रेसिंग, नळी बदलणं, शिरेतून औषध, जखमेची पारख ही नर्सची कामं. एजन्सीला फोन केला की दोघींनाही 'सिस्टर' म्हणतात, म्हणून स्पष्ट विचारायचं: शिक्षण काय, परिचर्या परिषदेची (नर्सिंग कौन्सिलची) नोंदणी आहे का, नोंदणी क्रमांक दाखवाल का? यात कुणाचा अपमान नाही. ज्यांच्याकडे नोंदणी असते त्या आनंदाने दाखवतात.

तुमच्या वर्णनावरून दिवसभर नर्स लागेल असं वाटत नाही. दिवसभर मदतनीस आणि ठरलेल्या वेळी नर्सची भेट, हे बहुधा पुरेल. पण हे डिस्चार्जच्या आधी डॉक्टरांकडूनच लिहून घ्या.

---

जुनी_सिस्टर

ओसरी, मी आयुष्यभर हेच काम केलं, शेवटची बरीच वर्षं घरोघरी जाऊन. म्हणून जरा लांब लिहिते.

पहिल्या भेटीत नर्सने पिशवी उघडून थेट ड्रेसिंग सुरू केलं, तर तिला थांबवा. आधी डिस्चार्ज कार्ड वाचायला द्या. त्यानंतर घरातली सगळी औषधं, जुनीसुद्धा, एका टेबलावर मांडा आणि एकेक कार्डाशी ताडून पाहा. घरी आल्यावर पहिल्या आठवड्यात होणारे घोटाळे बरेचसे इथे सापडतात. रक्तदाबाची आधीची गोळी आणि दवाखान्यात सुरू केलेली गोळी, नावं वेगळी पण औषध एकच, आणि माणूस दोन्ही घेत असतो. दुखण्याच्या दोन वेगळ्या गोळ्यांत पॅरासिटामॉल असतं आणि कुणी बेरीज करत नाही. मोठ्या माणसाला २४ तासांत ४ ग्रॅमच्या वर ते जाता कामा नये. वय, वजन आणि यकृत पाहून डॉक्टर मर्यादा आणखी खाली आणतात.

इन्सुलिनकडे विशेष लक्ष. शस्त्रक्रियेनंतर भूक मरते. खाणं अर्ध्यावर येतं आणि इन्सुलिन मात्र पूर्वीइतकंच टोचलं जातं. साखर ७० च्या खाली गेली की घाम, थरथर, असंबद्ध बोलणं सुरू होतं. माणूस शुद्धीत असेल आणि गिळता येत असेल तर १५ ग्रॅम साखर पाण्यात विरघळवून द्या, १५ मिनिटांनी पुन्हा तपासा. गिळता येत नसेल तर तोंडात काहीही घालू नका, तातडीची मदत बोलवा. त्यांची भूक कमी झाली असेल तर इन्सुलिनचा डोस किती, हे डॉक्टरांना पहिल्याच दिवशी विचारा.

आता टाच. बोटाने दाबा आणि सोडा. दाबल्यावर डाग पांढुरका होऊन परत लाल झाला, तर रक्तपुरवठा अजून ठीक आहे. दाबूनही लालच राहिला तर ती शय्याव्रणाची (पडून राहिल्याने, सततच्या दाबाने होणाऱ्या जखमेची) पहिली पायरी, कातडी फाटलेली नसली तरीही. तिथे चोळायचं नाही. आपल्याकडे प्रेमाने तेल लावून चोळतात, त्याने खालच्या नाजूक ऊती आणखी दुखावतात. पोटरीखाली उशी लांबीच्या दिशेने अशी ठेवायची की टाच हवेत राहील, कशालाच टेकणार नाही. मधे भोक असलेली गोल चकतीसारखी उशी वापरू नका. तिच्या कडेवर दाब येऊन मधल्या भागाचा रक्तपुरवठा कमी होतो. मधुमेह आहे म्हणून दोन्ही टाचा आणि माकडहाड रोज उजेडात पाहायचंच.

पोटावरची इंजेक्शनं तुम्ही शिकू शकता. भरून येणाऱ्या सिरिंजमध्ये हवेचा छोटा बुडबुडा असतो, तो काढायचा नसतो. बेंबीपासून थोडं लांब, रोज बाजू बदलून, कातडीची घडी चिमटीत धरून द्यायचं, आणि नंतर चोळायचं नाही. चोळलं की काळंनिळं होतं. खुब्याच्या शस्त्रक्रियेनंतर ही इंजेक्शनं साधारण चार-पाच आठवडे चालतात. किती दिवस ते कार्डावर लिहिलेलं नसेल तर लिहून घ्या, कारण 'संपली म्हणून बंद केली' असं फार घरांत पाहिलंय.

लघवीच्या नळीबद्दल एकच प्रश्न आधी विचारा: ती काढायची कधी? नळी जितकी राहील तितका जंतुसंसर्गाचा धोका दिवसागणिक वाढतो. पुष्कळदा ती फक्त कुणी आठवण केली नाही म्हणून राहून गेलेली असते. आहे तोवर पिशवी मूत्राशयाच्या खालीच हवी, पण जमिनीला टेकलेली नको. जोड उगाच उघडायचा नाही. पिशवी दोन तृतीयांश भरली की रिकामी करायची.

आणि वडील रात्री अचानक बरळायला लागले, माणसं ओळखेनासे झाले, तर 'वय झालं' म्हणून सोडू नका. खुब्याच्या शस्त्रक्रियेनंतर वयस्कर माणसांत हे बरंच दिसतं आणि त्याला बहुतेक वेळा कारण असतं: लघवीचा संसर्ग, बद्धकोष्ठ, पाणी कमी पडणं, एखादी नवीन गोळी, न सांगितलेली वेदना. चष्मा आणि श्रवणयंत्र वापरत असतील तर ते लावलेलं असू द्या, समोर घड्याळ ठेवा, ओळखीचं माणूस जवळ बसू द्या. आणि त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा.

---

पायवाट

मी फिजिओथेरपिस्ट आहे. सिस्टरांनी लिहिलेल्या सगळ्याला अनुमोदन. माझ्या बाजूचं लिहितो.

वडिलांनी अंथरुणातून लवकर बाहेर पडणं हेच निम्मं औषध. पडून राहिलेल्या वयस्कर शरीराचे स्नायू फार वेगाने झडतात आणि ते परत मिळवायला कितीतरी जास्त वेळ लागतो. पण डॉक्टरांकडून दोन गोष्टी लेखी घ्या. एक, ऑपरेशनच्या पायावर किती भार द्यायचा: पूर्ण, अर्धा की नुसता टेकवायचा. दोन, सांधा कोणत्या बाजूने उघडला. मागच्या बाजूने उघडला असेल तर सुरुवातीचे काही आठवडे खुबा ९० अंशांपेक्षा जास्त वाकवू नये, पायावर पाय टाकू नये, पाय आत वळवू नये, नाहीतर सांधा निसटू शकतो. पुढून उघडला असेल तर बंधनं वेगळी असतात. हे माहीत नसताना फिजिओ व्यायाम सुरू करत असेल तर मी त्याला चांगला फिजिओ म्हणणार नाही.

घरात आजच करण्यासारखं: खुर्ची इतकी उंच की बसल्यावर खुबा गुडघ्याच्या वर राहील, आणि तिला हात हवेत. कमोडवर उंच सीट. सरकणाऱ्या सतरंज्या, वायरी उचला. पलंगापासून संडासापर्यंत रात्रभर मंद दिवा. जिना असेल तर चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा पाय आधी.

वेदनाशामक गोळी व्यायामाच्या अर्धा-पाऊण तास आधी द्या. दुखणं सोसून केलेला व्यायाम माणूस दुसऱ्या दिवशी टाळतो.

आणखी एक मनापासून सांगतो. फिजिओ आला, मशीन लावलं, शेक दिला आणि गेला, हा खुब्याच्या शस्त्रक्रियेनंतरचा उपचार नव्हे. त्याने वडिलांना उठवलं पाहिजे, चालवलं पाहिजे, आणि तो नसताना दिवसात काय करायचं ते घरच्यांकडून एकदा करून घेतलं पाहिजे. पहिल्याच आठवड्यात विचारा, "कुठवर पोचायचं आहे?" उत्तर 'बरं वाटेपर्यंत' असं नको. 'वॉकर घेऊन एकट्याने संडासात जाऊन येणं', 'दोन पायऱ्या चढणं' असं हवं.

---

कंदील

आईला पक्षाघात झाला तेव्हा आमच्याकडे बरेच महिने नर्स येत होत्या. आम्हाला सगळ्यात जास्त त्रास कशाचा झाला सांगू? माणसं बदलण्याचा. एजन्सी दर थोड्या दिवसांनी नवी व्यक्ती पाठवायची. प्रत्येक जण आल्यावर पहिल्यापासून विचारायची आणि प्रत्येकीची पद्धत निराळी. एकीने सांगितलेलं दुसरी खोडून काढायची.

शेवटी आम्ही एक जाड वही केली आणि ती पलंगाच्या बाजूला बांधूनच ठेवली. पहिल्या पानावर निदान, शस्त्रक्रिया, ॲलर्जी, डॉक्टरांचे नंबर. दुसऱ्यावर औषधांचा तक्ता. पुढे रोजचं पान: ताप, नाडी, रक्तदाब, साखर, किती प्यायली, लघवी किती, शौचाला झालं की नाही, कातडी कशी दिसते, कूस कधी बदलली. खाली करणाऱ्याची सही. नवीन नर्स आली की आधी वही वाचायची, मग हात धुवायचे, मग आईजवळ जायचं. डॉक्टरही फोनवर 'काय म्हणतेय तब्येत' विचारायच्या ऐवजी 'कालचे आकडे वाचा' म्हणायला लागले.

आईला नाकातून नळी होती. नळीवर नाकपुडीपाशी येणारी खूण आम्ही वहीत लिहून ठेवली होती. प्रत्येक वेळी द्रव आहार देण्याआधी ती पाहायची. खूण पुढेमागे झाली, खोकला आला, शंका आली, की काहीही आत सोडायचं नाही, आधी नर्सला फोन. डोकं ३० ते ४५ अंश उचललेलं, देऊन झाल्यावरही निदान अर्धा तास तसंच. हे मला कुणी तोंडी सांगितलं असतं तर मी विसरले असते. आमच्या एका नर्सने मला करायला लावलं आणि ती हाताची घडी घालून बघत उभी राहिली. चुकलं तिथे थांबवलं. तिसऱ्या वेळी म्हणाली, "आता तुम्हाला माझी गरज नाही यासाठी." तिच्याबद्दल अजूनही फार कृतज्ञता वाटते.

पक्षाघाताच्या घरातल्यांनी हे वाचत असाल तर: लुळ्या हाताला धरून कधीही उचलू नका, ओढू नका. खांदा निसटतो आणि ते दुखणं पुढे खूप दिवस पुरतं. आणि गिळण्याची तपासणी झाल्याशिवाय तोंडातून पाण्याचा घोटही नको. गिळल्यावर आवाज ओला, घोगरा येत असेल तर घास चुकीच्या वाटेला जातोय.

---

रानवारा

मी पेशंटच्या बाजूने लिहितो, कारण वडिलांच्या संकोचाबद्दल फार थोडं बोललं जातं.

मला हाडात जंतुसंसर्ग झाला होता. दंडातून हृदयाजवळच्या मोठ्या शिरेपर्यंत जाणारी बारीक नळी घालून घरी पाठवलं आणि अँटिबायोटिक शिरेतून घरीच सुरू राहिलं. या संसर्गाला असा कोर्स साधारण सहा आठवड्यांचा असतो. एरवी ते सगळे आठवडे मी दवाखान्याच्या खोलीत काढले असते. घरी माझ्या पलंगावर, माझ्या खिडकीपाशी होतो, त्याचा मनावर झालेला परिणाम मी औषधाइतकाच मोठा मानतो.

पण घरी असल्याने एक गोष्ट होते. आपली खोली सगळ्यांची होते. दार न वाजवता लोक येतात, तुमच्यासमोर तुमच्याबद्दल तिसऱ्या माणसासारखं बोलतात. 'यांना शौचाला झालं का?' असं बायकोला विचारतात, मला नाही. एक ब्रदर मात्र दर वेळी दारात थांबून विचारायचे, "येऊ का?" काय करणार ते आधी सांगायचे, करताना चादर हवी तेवढीच बाजूला करायचे. अंघोळ सकाळी की संध्याकाळी, हे त्यांनी मला ठरवू दिलं. ताई, वडिलांना ठरवू द्या. पुरुष मदतनीस हवा का, विचारा. अंग पुसताना जेवढं त्यांच्या हाताला पोचतं तेवढं त्यांना स्वतः पुसू द्या, वेळ लागला तरी. प्रश्न वडिलांना विचारले जातील, हे नर्सला पहिल्या दिवशीच सांगून ठेवा.

दंडातल्या नळीबद्दल, कुणाला उपयोग होईल म्हणून: त्या हाताला रक्तदाबाचा पट्टा बांधायचा नाही, ड्रेसिंग भिजू द्यायचं नाही. नळीत औषध सोडल्यावर थोड्या वेळात हुडहुडी भरून ताप आला तर तो साधा ताप समजू नका, लगेच कळवा. आणि हात धुणं. माझ्या खोलीत येणाऱ्या प्रत्येकाला, डॉक्टरांनासुद्धा, मी हात धुवायला सांगत असे. जागतिक आरोग्य संघटनेने हात स्वच्छ करायचे पाच प्रसंग सांगितले आहेत, त्यातला पहिलाच 'रुग्णाला स्पर्श करण्याआधी' हा आहे. मागायला लाजू नका.

---

जुनी_सिस्टर

रानवारा, हे लिहिलंत ते फार बरं केलंत. नवीन मुलींना मी हेच सांगत असे की आपण त्यांच्या घरात पाहुणे आहोत.

कंदील यांच्या त्या नर्सबद्दल वाचून बरं वाटलं. शिकवणं हा या कामात वरून चिकटवलेला भाग नाही, तो सुरुवातीपासून आहे. १८५९ मध्ये लिव्हरपूलचे व्यापारी विल्यम रॅथबोन यांनी मेरी रॉबिन्सन या नर्सला गरीब वस्तीत घरोघरी जायला नेमलं. त्यांच्या पत्नीच्या शेवटच्या आजारात तिनेच शुश्रूषा केली होती. तिच्या कामात रुग्णाची सेवा होती, तशी घरच्यांना शुश्रूषा शिकवणंही होतं. आज कुणी नर्स 'तुम्हाला नाही जमणार, मीच करते' म्हणत दिवस वाढवत असेल, तर ती आपलं अर्धं काम करत नाहीये. ज्याला प्रशिक्षित हात लागतात ते तिनेच करावं: नळी बदलणं, खोल जखम, शिरेतलं औषध. बाकीचं तुमच्या हातात सोपवत जावं.

---

ओसरी

सगळ्यांचे मनापासून आभार. डिस्चार्जच्या दिवशी तुमचे प्रश्न कागदावर लिहून घेऊनच गेले होते. नळीबद्दल विचारल्यावर डॉक्टर क्षणभर थांबले आणि म्हणाले, "तशी आता गरज नाही." तिथेच काढली आणि लघवी नीट होतेय हे पाहूनच घरी सोडलं. भार पूर्ण द्यायचा आहे, सांधा मागून उघडला आहे, हेही कार्डावर लिहून घेतलं.

घरी येऊन आता काही आठवडे झाले. टाके निघाले, जखम कोरडी आहे. टाचेचा डाग फिकट होत गेला. इंजेक्शनं आई देते! मला वाटलं होतं मी देईन, पण तिनेच हात पुढे केला आणि नर्सताईंनी तिला शिकवलं. वडिलांनी पुरुष मदतनीस निवडला, पाठ सोडून बाकी अंग स्वतःच पुसतात.

त्रास आहेच. चालायला लागले आहेत, पण पडण्याची भीती इतकी बसली आहे की मदतनीसाने नुसता हात लावलेला लागतो, एरवी पाऊल उचलत नाहीत. फिजिओ म्हणतात भेटी आता कमी करू. मला भीती वाटते. कसं ठरवायचं?

---

पायवाट

ताई, भीती तुमची आणि त्यांची दोघांची आहे आणि ती खरी आहे. एक पडलेला माणूस जमिनीकडे वेगळ्या नजरेने बघतो. भेटी कमी करायच्या की नाही, हे अंदाजावर ठेवू नका. फिजिओसमोर एक चाचणी करा: हाताच्या खुर्चीत बसायचं, उठायचं, नेहमीच्या चालीने ३ मीटर चालायचं, वळायचं, परत येऊन बसायचं. वॉकर वापरत असतील तर वॉकर घेऊन. वयस्कर माणसाला १२ सेकंद किंवा जास्त लागले तर पडण्याचा धोका धरतात. वडिलांना आत्ता त्याहून बराच जास्त वेळ लागेल, त्याने खचू नका. दर आठवड्याला आकडा वहीत लिहा. तो कमी होत असेल तर भेटी कमी करायला हरकत नाही. थांबला असेल किंवा वाढत असेल तर फिजिओला सांगा, अजून नाही.

मदतनीसाच्या हाताबद्दल: हात एकदम काढू नका. आधी पाठीवर, मग कमरेच्या पट्ट्याला धरून, मग हात न लावता अर्ध्या पावलाच्या अंतरावर. प्रत्येक पायरी वडिलांना सांगून. आणि पडलं तर कसं उठायचं, हे फिजिओकडून आत्ताच शिकून घ्या. पडल्यावर उठता येतं हे एकदा कळलं की पाय मोकळा होतो, असं मी पुष्कळांच्या बाबतीत पाहिलंय.

---

शब्दवेल

आईंचं वाचून छान वाटलं. त्यांनाही आठवड्यातून काही तास पूर्ण सुट्टी मिळू दे, घराबाहेर. मदतनीस असतो तेव्हा आई तिथेच बसून राहत असतील तर ती विश्रांती होत नाही.

---

जुनी_सिस्टर

ओसरी, भेटी कमी करण्याआधी वहीच्या पहिल्या पानावर हे मोठ्या अक्षरात लिहा आणि आईंना वाचून दाखवा.

ताबडतोब दवाखाना: अचानक धाप लागणं, छातीत दुखणं, थुंकीतून रक्त, खुब्यात एकदम तीव्र कळ येऊन पाय आखूड किंवा वळलेला दिसणं, शुद्ध हरपणं, न थांबणारा रक्तस्राव.

त्याच दिवशी डॉक्टरांना फोन: एका पोटरीला सूज, गरमपणा, दुखणं, जखम लाल, गरम, पाणी किंवा पू, थंडी वाजून ताप, लघवी होत नाही किंवा जळजळते, काळी शौच, नव्याने गोंधळल्यासारखं वागणं, टाचेवर पुन्हा डाग.

पोटरीची सूज इंजेक्शनं संपल्यानंतरही येऊ शकते, म्हणून शेवटचं इंजेक्शन झाल्यावर हे पान फाडू नका. आणि नर्सताईंची शेवटची भेट ठरवताना त्यांना सांगा, त्या दिवशी त्यांनी काहीच करायचं नाही. टाच बघणं, साखर तपासणं, औषधांचा डबा भरणं, सगळं आई-वडिलांनी करायचं आणि त्यांनी बघायचं. जिथे हात अडखळेल त्यासाठी आणखी एक भेट मागून घ्या.